खारातल्या भाताची खूण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी भाताविषयी बोलणार आहे. कविता करणाऱ्या माणसाचं भाताशी काय काम, असं तुम्हाला वाटेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, शास्त्र माझ्या वाट्याला शाळेतच संपलं. पण कुंडलिकेच्या काठी ज्याचं घर आहे आणि ज्याच्या घरची दोन वेळची रोटी तांदळाच्या पिठाची आहे, त्याला भाताचा विषय चुकत नाही. त्यातून माझी भाची शेतीशास्त्र शिकली आणि घरात 'मॉलिक्युलर मार्कर' हा शब्द येऊ लागला. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा कापडावर खुणा करायच्या पेनासारखं काहीतरी असेल असं मला वाटलं. ती हसली आणि म्हणाली, "मामू, खूण खरी, पण ती कुणी केलेली नाही. आधीपासून आहे. आपण फक्त वाचायची."

ही खूण म्हणजे काय, ती वाचून भाताचं नवं वाण कसं करतात, आणि आमच्या खारातल्या शेतकऱ्याला त्याचा किती उपयोग, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी खार म्हणजे काय ते सांगतो, कारण घाटावरच्या श्रोत्यांना ते ठाऊक असेलच असं नाही. अलिबाग-पेणचा खारेपाट घ्या, रोहा, मुरूड, म्हसळ्याच्या खाड्या घ्या. भरतीचं पाणी जिथं पसरत होतं तिथं आमच्या पूर्वजांनी मातीचे बांध घातले आणि आतली जमीन पिकाखाली आणली. बांधाला एक उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरतीला तिची झडप मिटते. बांधाच्या आत वर्षाचं एकच पीक, भाताचं. मे महिन्यात ही जमीन बघाल तर भेगाळलेली असते आणि वर मीठ फुललेलं असतं. मृगाचे पहिले पाऊस ते मीठ धुऊन काढतात, मग पेरणी. पुष्कळ ठिकाणी रोपं लावत नाहीत, मोड आणलेलं बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. पाऊस मध्येच पंधरा दिवस दडी मारून बसला की खालचं मीठ पुन्हा वर चढतं आणि कोवळं रोप शेंड्याकडून करपत येतं.

याच खारेपाटातल्या चरी गावानं १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटलांचं नाव त्या संपाशी कायमचं जोडलेलं आहे. खारट असली तरी जमीन कसणाऱ्याला ती किती प्यारी असते, हे त्यावरून कळावं.

या जमिनीत वाटेल ते भात येत नाही. शास्त्रज्ञ मातीचा खारेपणा 'डेसिसायमन' नावाच्या मापात मोजतात. साधारण तीनपर्यंत भाताचं काही बिघडत नाही. त्यापुढं प्रत्येक एका अंकामागं उत्पन्न सुमारे बारा टक्के घटतं, म्हणजे सातावर गेलं की जवळजवळ निम्मं पीक गेलं. तरी आमच्याकडं शेकडो वर्षं भात पिकतच होतं, कारण बी तसं होतं. काळा रता, भुरा रता ही नावं आमच्या दादीच्या तोंडात असायची. तांदूळ लालसर, भात जाडं. पण आजारी माणसाला पेज द्यायची तर याचीच, असा तिचा हुकूम. रताला उतारा बेताचा आणि वाढ उंच, वारा आला की आडवं पडायचं. पण मिठाला दाद देत नसे.

या देशी बियांतूनच पुढं निवड करून काळा रता १-२४ आणि भुरा रता ४-१० हे वाण ठरले. पनवेलला खार जमिनीसाठी वेगळं संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडं आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भातं तिथली. पनवेल-१ च्या मायबापांत आपला भुरा रता आहे. काळा रत्याचं नावही देशाबाहेरच्या भातसंशोधकांना परिचयाचं आहे. दादीला हे कळतं तर तिनं काय म्हटलं असतं कोण जाणे. बहुतेक, "पेज गरम आहे तोवर पी," इतकंच.

आता ती खूण.

आमच्याकडचे कोळी आणि दालदी समुद्रात मासळीची जागा कशी ओळखायचे, ते तुम्ही ऐकलं असेल. पाण्यावर काही लिहिलेलं नसतं. ते किनाऱ्याकडं बघत. कोर्लईचा दीपस्तंभ आणि त्याच्या मागची डोंगराची शेंडी एका रेषेत आली, आणि दुसऱ्या बाजूला अमुक देऊळ तमुक माडाआड गेलं, की खाली खडक आहे, इथं जाळं टाका. दीपस्तंभाचा आणि माशाचा तसा काही संबंध नाही. पण तो जागचा हलत नाही आणि लांबून दिसतो, म्हणून त्याच्यावरून न दिसणारी जागा कळते. मॉलिक्युलर मार्कर म्हणजे नेमकं हेच. गुण देणारं जनुक सहजी दिसत नाही. त्याच्या शेजारची एखादी जागा दिसते. शेजारी असल्यामुळं ती दोघं मायबापाकडून पोराकडं बहुधा जोडीनंच जातात. खूण आली म्हणजे जनुकही आलं असावं.

'असावं' म्हटलं, कारण कधीकधी मधूनच तुटतं आणि खूण एका पोराकडं, जनुक दुसऱ्याकडं असं होतं. दोहोंतलं अंतर जितकं कमी, तितका हा धोका कमी. म्हणून शहाणा शास्त्रज्ञ एका खुणेवर विसंबत नाही. जनुकाच्या दोन्ही अंगांची एकेक खूण धरतो. कोळ्यांनाही दोन रेषा लागायच्याच.

ही खूण प्रत्यक्षात कशी असते? भाताच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. एका संचात डीएनएची सुमारे ३९ कोटी अक्षरं. लिपी चारच अक्षरांची. हा सगळा मजकूर २००५ साली जगापुढं आला. अनेक देशांनी गुणसूत्रं वाटून घेतली होती आणि अकराव्या गुणसूत्राच्या कामात आपला देश होता. या मजकुरात ठिकठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, डफावरच्या ठेक्यासारखी. एका वाणात तो ठेका आठ वेळा, दुसऱ्यात चौदा वेळा. तेवढ्यानं भातात काही फरक पडत नाही, पण तुकड्याची लांबी बदलते. त्याचाच उपयोग करून घेतात. दहा-बारा दिवसांच्या रोपाचं नखाएवढं पान घेतात, त्यातून डीएनए काढतात, आणि एका यंत्रात हवा तेवढाच तुकडा वाढवतात. एकाचे दोन, दोनाचे चार, अशा तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर होतात. मग चिकट लगद्याच्या पाटीवर वीज सोडून ते पळवतात. आखूड तुकडा पुढं जातो, लांब मागं रेंगाळतो. पाटीवर दिसतात त्या आडव्या रेघा. माझी भाची त्या रेघा वाचते आणि हे रोप ठेवा, ते उपटा, असं सांगते. मी बघितलं तर मला सगळ्या सारख्याच दिसल्या.

खारेपणाच्या बाबतीत सगळ्यांत गाजलेली खूण केरळातल्या पोक्काळी भातापासून मिळाली. तिकडं खाडीकाठच्या खाचरांत पावसाळ्यात पोक्काळी आणि नंतर त्याच पाण्यात कोळंबी घेतात. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं पोक्काळीचा संकर मीठ न सोसणाऱ्या आयआर-२९ या भाताशी केला. त्यांच्या पोरांची तपासणी करताना असं दिसलं की जी रोपं मिठात तगतात, त्यांतल्या पुष्कळांत पहिल्या गुणसूत्राचा एक तुकडा पोक्काळीकडून आलेला आहे. त्या तुकड्याला 'साल्टॉल' नाव पडलं. मीठ सोसण्याशी जोडलेलं असंच एक जनुक चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रत्यक्ष वेगळं केलं, तेही बंगालच्या नोना बोकरा या खारातल्या भातातून. त्याचं काम मोठं सुरेख आहे. मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर मीठ वर पानांकडं निघालं की हे जनुक त्यातलं सोडियम वाटेतच उतरवून घेतं. पान हिरवं राहतं. आमच्या बांधावरच्या उघाडीसारखंच म्हणा, फक्त झाडाच्या आत बसवलेली.

आता तुम्ही विचाराल, पोक्काळी आहे, रता आहे, तर तेच पेरा, हा खटाटोप कशाला? याला कारण उतारा. रत्याची मिठाशी मैत्री हवी, पण त्याचा उंच, पडका देह नको. जुन्या पद्धतीत उत्तम वाणाचा संकर खारट वाणाशी करायचे आणि मग पोराला पुन्हा उत्तम वाणाशी, त्याच्या पोराला पुन्हा त्याच वाणाशी, असं सहा-सात वेळा. दर वेळी खारट वाणाचा वाटा निम्मा होतो: ५० टक्के, २५, साडेबारा. पण त्या निम्म्यात आपल्याला हवा तो तुकडा राहिला की गेला, हे कळायला दर पिढीत रोपं मिठाच्या पाण्यात घालून बघायची. पाऊस जास्त झाला तर शेतातला खारेपणा उतरतो आणि कच्चं रोपही पास होतं. खूण वाचता आली की हा जुगार संपतो. कोवळ्या रोपातच कळतं. शिवाय बाकीच्या गुणसूत्रांवरच्या खुणा वाचून, ज्या रोपात उत्तम वाणाचा वाटा जास्त तेच पुढं नेता येतं. मग सहा-सात पिढ्यांचं काम दोन-तीन पिढ्यांत होतं. शेतकऱ्याच्या हिशेबात हा वेळ थोडा नाही.

या वाटेनं आपल्या देशात झालेली कामं काही कमी नाहीत. बाजरीवरचा गोसावी रोग आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याला दाद न देणारं 'एचएचबी ६७ सुधारित' हे वाण २००५ साली आलं, ते मार्करच्याच साह्यानं. ओडिशातल्या एका जुन्या भातात पुराखाली दोन आठवडे जगण्याचा गुण होता. तो मार्कर वापरून स्वर्णा भातात आणला आणि 'स्वर्णा-सब १' २००९ साली शेतकऱ्यांच्या हाती गेलं. दिल्लीच्या पुसा संस्थेत तर बासमतीतही साल्टॉल घालून झाला आहे.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण चावडीवर तो नेहमी निघतो. मार्कर वापरून केलेलं भात म्हणजे बीटी कापसासारखं नव्हे. २००२ पासून आपल्याकडं असलेल्या बीटी कापसात जिवाणूचं जनुक आहे. मार्करच्या कामात भाताचा संकर भाताशीच होतो, फुलावर फूल झटकून, आजोबा-पणजोबांच्या काळासारखा. प्रयोगशाळेत फक्त पोरांची जन्मपत्रिका वाचली जाते. २०२५ च्या मे महिन्यात देशात जाहीर झालेली जनुक-संपादित भातं हा तिसराच प्रकार. त्यात भाताच्या स्वतःच्याच अक्षरांत दुरुस्ती केलेली आहे. तिन्हींचं एकच गाठोडं बांधून भांडणं बरं नाही.

वाण झालं, पण बियाण्याचं काय? हा भाग वर्तमानपत्रांत कमी येतो आणि शेतकऱ्याचा घात तिथंच होतो. आमच्या नात्यातल्या एकानं एका वर्षी दुकानातून पिशवी आणली. खारातलं भात निसवलं तेव्हा तीन तऱ्हा दिसल्या. काही लवकर पिकलं, काही हिरवंच, काही करपलेलं. खारात वर्षाचं पीक एकच, तेव्हा चूक सुधारायला पुढचा हंगाम नाही. दुकानदार म्हणाला जमीन खराब, त्याच्या वरचा म्हणाला पाऊस खराब. बियाणं खराब होतं हे सिद्ध करायला शेतकऱ्याच्या हाती काही नव्हतं.

भाताचे दाणे टरफलावरून नेहमीच ओळखू येत नाहीत. संकरित भातात तर ही अडचण दुप्पट. कर्जतच्या संशोधन केंद्रानं १९९८ साली 'सह्याद्री' हे संकरित भात दिलं. भाताचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. म्हणून संकर करायला पराग वांझ असलेली मादी-ओळ घ्यावी लागते, तिच्या शेजारी नराच्या ओळी. आणि ती वांझ ओळ टिकवायला तिच्यासारखीच दिसणारी, पण परागवाली तिसरी ओळ. या दोघी बहिणी इतक्या सारख्या की मळणीत वा पेरणीत मिसळल्या तर फुलोरा येईपर्यंत कळत नाही. शेजारच्या शेतातला पराग उडून आला तरी घात. पूर्वी शुद्धता तपासायला त्या बियाण्यातलं थोडं अख्खा हंगाम लावून बघावं लागे. तोवर बाकीचं बियाणं गोदामात, नाहीतर तपासणीआधीच बाजारात. मार्करनं ही तपासणी काही दिवसांत होते. खऱ्या संकराच्या दाण्यात आईची आणि बापाची अशा दोन्ही रेघा दिसल्या पाहिजेत. एकच दिसली तर तो दाणा आईचाच, किंवा भलत्याचाच. मला वाटतं, नवीन वाणापेक्षाही या तंत्राचा हा उपयोग गरीब शेतकऱ्याच्या अधिक कामाचा आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळं लेबल असतं, पायाभूतच्या पिशवीला पांढरं. ते लेबल आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, एवढं मात्र सांगून ठेवतो.

आता जे मला खटकतं ते. मिठाचं जनुक आलं की खार सुटला, अशी समजूत पसरते आहे. ती खोटी आहे. भाताची रोपं मिठासाठी तपासतात ती साधारण बारा डेसिसायमनवर. समुद्राचं पाणी पन्नासच्या आसपास असतं. बांधाला खांड पडून उधाणाचं पाणी शेतात उभं राहिलं, तर पोक्काळी काय आणि रता काय, सगळे सारखेच. शिवाय साल्टॉल रोपावस्थेत मदत करतो. फुलोऱ्याच्या वेळचं मीठ सोसणं हा वेगळा गुण, त्याला दुसरी जनुकं लागतात, आणि भात फुलोऱ्यातही तेवढंच नाजूक असतं.

पूर्वी बांधाची निगा गावाची जोळ राखायची. भरतीच्या रात्री खांड पडली की घरटी माणूस कुदळ-टोपली घेऊन निघायचा, न येणाऱ्याला दंड. १९४८ साली मुंबई राज्याचा आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमिनीचा कायदा आला, बांध सरकारी योजनेत गेले आणि जोळ हळूहळू मोडली. सरकारी बांध निधीची वाट बघतो. समुद्र वाट बघत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं याच किनाऱ्याला झोडपलं. खांड दोन-चार वर्षं तशीच राहिली की आत तिवरं उगवतात. तिवरं तोडायला कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी; पण तिथलं भात गेलं ते गेलंच. भात गेलं की बी जातं. खूण वाचायचं यंत्र कितीही भारी आणलं, तरी वाचायला दाणा तर पाहिजे. रत्याच्या पोटात साल्टॉलखेरीज आणखी काय आहे, हे बघायचं काम अजून उरलं आहे.

म्हणून गेल्या वर्षी भाचीबरोबर मी खाडीकाठच्या गावांत फिरलो. जुनं बी कुणाकडं आहे का, हे विचारत. बहुतेक घरांत उत्तर एकच, "होतं." एका घरी मात्र पंच्याऐंशीच्या घरातले एक आजोबा निघाले. सात गुंठ्यांत दर साल तेच लालसर भात रहू करतात. मुलं पनवेलला, जमीन विका म्हणून मागं लागलेली. मी विचारलं, "बाबा, हे का ठेवलंत?" म्हणाले, "म्हातारीला पेज लागते." भाचीनं दोन पायली बी मागितलं. त्यांनी दिलं, पण विचारलं, "तुम्ही यातनं नवीन भात काढाल, मग ते आमच्याच पोरांना पिशवीतनं विकाल, होय ना?"

प्रश्न रास्त होता. भाचीनं त्यांना २००१ चा कायदा समजावला, पिकांच्या वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा. शेतकऱ्यानं आपलं बी ठेवावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावं सुद्धा, फक्त कंपनीच्या नावाच्या पिशवीत घालून विकू नये. आणि पिढीजात जपलेलं वाण शेतकऱ्याला किंवा गावाला आपल्या नावावर नोंदवता येतं. उद्या त्यातून कुणी नवं वाण काढलं तर या नोंदीच्या आधारे लाभाचा वाटा मागता येतो.

आजोबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि अर्ज भरायला मान दिली. अर्ज सध्या आमच्याच घरात अर्धा भरून पडलेला आहे. वाणाचं नाव लिहायची जागा रिकामी आहे. आम्ही दोनदा जाऊन विचारलं. हे काळा रता की भुरा रता की तिसरंच काही, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या वडिलांपासून ते त्याला नुसतं "आपलं भात" म्हणतात.